सिलिकॉन नायट्राइड मृत्तिका
सिलिकॉन नायट्राइड मृत्तिका : सिलिकॉन व नायट्रोजन यांच्या संयुगापासून उच्च तापमानास तयार केलेल्या कठीण, हलक्या आणि उष्णतेला टिकणाऱ्या मृत्तिका पदार्थांचा गट. या संयुगाच्या रेणुसूत्रात सिलिकॉनाचे ३ व नायट्रोजनाचे ४ अणू असतात. माती, फेल्स्पार वा क्वॉर्ट्‌झ यांपासून बनणाऱ्या पारंपरिक मृत्तिका वस्तूंहून या पदार्थांचे स्वरूप वेगळे आहे. ते संपूर्णपणे कृत्रिम असून त्यांचा उपयोग यंत्रांचे भार वाहणारे भाग, कर्तन हत्यारे व विद्युत् मंडलांच्या पट्ट्या यांसाठी होतो. त्यांची घनता सु. ३·२ ग्रॅ./घ. सेंमी., म्हणजे पोलादाच्या सु. ४० टक्के असते. तापमान १° से.ने वाढल्यास त्यांची लांबी सु. ३० लक्षांश टक्का, म्हणजे मूळ लांबीच्या केवळ ३ दशलक्षांश वाढते. ॲल्युमिनाच्या बाबतीत ही वाढ सु. ८ दशलक्षांश असते. प्रसरण कमी व बल अधिक असल्याने तप्त वस्तू एकदम थंड केली, तरी ती सहसा तडकत नाही.

या गटातील पदार्थांच्या बाबतीत एक गोष्ट प्रथमच ध्यानात घ्यावी लागते. पोलादाचे किंवा काचेचे गुणधर्म सांगताना मुख्यतः त्यांचे रासायनिक संघटन पुढे येते. सिलिकॉन नायट्राइडाचे केवळ नाव सांगून मात्र त्याविषयी फारसे सांगितले जात नाही. या एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या दोन नमुन्यांपैकी एकाचे नमन बल (वाकविताना तुटेपर्यंत सहन होणारे प्रतिबल) २०० मेगॅपास्कल, तर दुसऱ्याचे १,००० मेगॅपास्कल असू शकते (१ मेगॅपास्कल म्हणजे दर चौ. सेंमी.वर सु. १० किग्रॅ. भार). शिवाय १,३००° से. तापमानास हा क्रम उलटण्याच्या बेतास येतो : थंड असताना दुर्बल असणारा नमुना आपले बल टिकवून धरतो, तर बलवान नमुन्याचे बल निम्म्याहून कमी होते. हा फरक चूर्ण, साहाय्यक द्रव्ये, तापमान, दाब व कालावधी यांच्या निवडीतून उत्पन्न होतो. प्रक्रिया आणि गुणधर्म यांमधील हा संबंध हाच या लेखाचा मुख्य विषय आहे.

इतिहास : हे संयुग १८५७ मध्ये आंरी सेंत-क्लेअर दव्हील व फ्रीड्रिख व्होलर यांनी प्रयोगशाळेत बनविले. त्यानंतर सु. एक शतक ते रसायनशास्त्रातील एक नोंद म्हणूनच राहिले. १९५० नंतरच्या दशकात त्याचा उच्चतापसह पदार्थ (उच्च तापमानास न वितळता टिकणारा पदार्थ) म्हणून विचार सुरू झाला आणि ब्रिटनमध्ये त्यावर पद्धतशीर संशोधन झाले. जी. जी. डीली, जे. एम. हर्बर्ट व एन. सी. मूर यांनी १९६१ मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडासारखी द्रव्ये अल्प प्रमाणात मिसळून व उष्ण अवस्थेत दाबून जवळजवळ छिद्ररहित पदार्थ मिळविता येतो, हे प्रसिद्ध केले.

१९७१ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या प्रगत संशोधन संस्थेने भंगुर (ठिसूळ) पदार्थांपासून वायू टरबाइनाचे भाग बनविण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात फोर्ड व वेस्टिंगहाउस या कंपन्या सहभागी होत्या. टरबाइनात शिरणारा वायू जितका तप्त, तितकी इंधनाची बचत अधिक. धातूची पाती तापमानाच्या एका मर्यादेपलीकडे थंड करावी लागतात, मृत्तिकेची पाती तशी करावी लागणार नाहीत, ही त्यामागील अपेक्षा होती. मृत्तिका टरबाइनावर चालणारी मोटारगाडी बाजारात आली नाही. मात्र या प्रयत्नांतून प्रक्रियेविषयी जे ज्ञान मिळाले, त्यावरच आजचा उद्योग उभा आहे.

संरचना : सिलिकॉन नायट्राइडाचे आल्फा व बीटा असे दोन प्रमुख स्फटिकी प्रकार आहेत. दोहोंत प्रत्येक सिलिकॉन अणूभोवती चार नायट्रोजन अणू चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर असतात. हे चतुष्फलक एकमेकांवर रचण्याची रीत मात्र भिन्न असते. उच्च तापमानास बीटा प्रकार स्थिर असतो. आल्फाचे बीटात रूपांतर होण्यासाठी जुने बंध तुटून नवे जुळावे लागतात. त्यामुळे हे रूपांतर घन अवस्थेत सहजासहजी होत नाही. आल्फा कण एखाद्या द्रवात विरघळून त्यातून बीटा कण अवक्षेपित झाले (साक्याच्या रूपाने बाहेर पडले), तर ते सुलभपणे होते.

अणूंमधील बंध मुख्यतः सहसंयुजी (इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीने बनलेले) व अतिशय दृढ असतात. कठिनता, ताठपणा व अल्प प्रसरण हे गुण या बंधांमुळेच येतात आणि प्रक्रियेतील मुख्य अडचणही त्यांच्यामुळेच येते. बहुतेक मृत्तिका पदार्थ तापपिंडनाने (चूर्ण न वितळविता तापवून त्याचा घट्ट पिंड बनविण्याच्या क्रियेने) घट्ट करतात. तापमान वाढले की, अणू कणांच्या पृष्ठभागांवरून व आतून सरकतात, कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांमधील पोकळ्या भरून येतात. सिलिकॉन नायट्राइडात अणूंचे असे विसरण अत्यंत मंद असते. तापमान आणखी वाढवावे, तर नायट्रोजनाच्या नेहमीच्या वातावरणीय दाबाखाली सु. १,८५०° ते १,९००° से.ला या संयुगाचे सिलिकॉन व नायट्रोजन यांत अपघटन होऊ लागते. म्हणजे शुद्ध चूर्ण पुरेसे घट्ट होण्यापूर्वीच नष्ट होऊ लागते आणि ते वितळवून साच्यात ओतणेही शक्य नसते. या कोंडीतून बाहेर पडण्याच्या निरनिराळ्या वाटा म्हणजेच पुढील निर्मितिपद्धती होत.

विक्रियाबद्ध प्रकार : या पद्धतीत सिलिकॉन नायट्राइडाऐवजी सिलिकॉनाच्या चूर्णाला हवा तो आकार देतात व नायट्रोजनाच्या वातावरणात १,१००° ते १,४५०° से.पर्यंत अनेक तास, पुष्कळदा काही दिवस, हळूहळू तापवितात. नायट्रोजन छिद्रांतून आत शिरतो आणि जागच्या जागी नायट्राइड तयार होते. या विक्रियेत घन पदार्थाचे घनफळ सु. २२ टक्क्यांनी वाढते. ही वाढ कणांमधील रिकाम्या जागेत सामावते, वस्तूचे बाह्य माप जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे गुंतागुंतीचा आकार आधी सहज कापून घेता येतो आणि नंतर हिऱ्याच्या चाकाने घासण्याचा मोठा खर्च वाचतो.

विक्रियेत पुष्कळ उष्णता बाहेर पडते, हा या पद्धतीतील धोक्याचा भाग होय. भट्टीचे तापमान घाईने वाढविल्यास आतील सिलिकॉन (वितळबिंदू सु. १,४१०° से.) वितळून त्याचे गोळे होतात. अशा गोळ्यांच्या गाभ्यापर्यंत नायट्रोजन पोहोचत नाही आणि तेथे कायमचा दोष राहतो. म्हणून विक्रियेचा वेग पाहून त्यानुसार तापमान वाढवितात. लोहाची अल्प अशुद्धी विक्रियेला वेग देते, परंतु तिच्यामुळे तयार होणारा लोह-सिलिकॉन द्रव मोठी छिद्रे मागे ठेवू शकतो. नायट्रोजनात थोडा हायड्रोजन मिसळल्यास संरचना अधिक एकसारखी होते.

तयार वस्तूत १५ ते ३० टक्के छिद्रे उरतात. त्यामुळे तिचे बल साधारणतः १५० ते ३५० मेगॅपास्कल एवढेच असते. मात्र तिच्यात काचमय द्रव्य जवळजवळ नसल्याने हे बल १,४००° से.च्या आसपासही फारसे घटत नाही. तप्त हवेत दीर्घ काळ राहिल्यास छिद्रांतून ऑक्सिजन आत शिरतो व वस्तू आतूनही ऑक्सिडीभूत होते, ही तिची मोठी उणीव आहे.

द्रवाच्या साहाय्याने घनीकरण : दुसरी वाट चूर्णात १ ते १० टक्के ऑक्साइड मिसळण्याची आहे. नायट्राइडाच्या प्रत्येक कणावर सिलिकाचा पातळ थर असतोच. मॅग्नेशियम ऑक्साइड, ॲल्युमिना, इट्रियम ऑक्साइड यांसारखी साहाय्यक द्रव्ये या सिलिकेशी व थोड्या नायट्राइडाशी संयोग पावून सु. १,५००° से.च्या आसपास ऑक्सिजन व नायट्रोजन दोन्ही असलेला सिलिकेटी द्रव बनवितात. हा द्रव कणांमध्ये पसरतो व केशाकर्षणाने त्यांना जवळ ओढतो. आल्फा कण त्यात विरघळतात व बीटा कण त्यातून वाढतात. थंड झाल्यावर हा द्रव नाहीसा होत नाही, तर कणांच्या सीमांवर काचेच्या रूपाने गोठून राहतो. घनीकरण शक्य करणारे हे द्रव्य पुढे वस्तूच्या संपूर्ण आयुष्यभर तिच्यात राहते, ही बाब निर्णायक आहे.

या तत्त्वावर आधारलेल्या चार प्रमुख पद्धती आहेत. (१) उष्ण दाबन : चूर्ण ग्रॅफाइटाच्या साच्यात भरून १,६५०° ते १,८५०° से.ला १५ ते ३० मेगॅपास्कल दाब देतात. दाबामुळे अल्प द्रवही पुरतो आणि बल ६०० ते १,००० मेगॅपास्कल मिळते. मात्र चकती वा ठोकळा यांसारखे साधेच आकार मिळतात. शिवाय लांबट कण दाबाच्या दिशेला काटकोनात आडवे पडतात, म्हणून बल निरनिराळ्या दिशांना भिन्न असते. (२) साधे तापपिंडन : बाहेरून दाब न देता वस्तू सु. १,७००° ते १,८००° से.ला भाजतात. अपघटन रोखण्यासाठी ती नायट्राइडाच्याच चूर्णात पुरून ठेवतात. द्रव अधिक लागतो आणि प्रत्येक लांबी १५ ते २० टक्क्यांनी आकसते, पण जटिल आकार मोठ्या संख्येने बनविता येतात. (३) वायुदाब तापपिंडन : नायट्रोजनाचा दाब वातावरणीय दाबाच्या १० ते १०० पटींपर्यंत वाढविल्यास अपघटन मागे रेटले जाते व तापमान १,९००° ते २,०००° से.पर्यंत नेता येते. मामोरू मितोमो यांनी जपानमध्ये १९७६ मध्ये ही पद्धत दाखवून दिली. (४) समदाबी उष्ण दाबन : काचेच्या वेष्टनात बंद केलेल्या किंवा आधीच बंद छिद्रांच्या अवस्थेपर्यंत भाजलेल्या वस्तूवर १०० ते २०० मेगॅपास्कल वायुदाब सर्व बाजूंनी देतात. द्रव कमीत कमी लागतो आणि छिद्रे जवळजवळ पूर्णपणे नाहीशी होतात.

कोष्टक क्र. १. निर्मितिपद्धतीनुसार गुणधर्म (साधारण मूल्ये)

| पद्धती | उरलेली छिद्रे (टक्के) | रेषीय आकुंचन | नमन बल, सामान्य तापमानास (मेगॅपास्कल) | उच्च तापमानास वर्तन |
|---|---|---|---|---|
| विक्रियाबद्ध | १५ ते ३० | नगण्य | १५० ते ३५० | बल टिकते. आतून ऑक्सिडीभवन |
| उष्ण दाबन | २ हून कमी | साच्यात दाबाच्या दिशेने | ६०० ते १,००० | साहाय्यक द्रव्यानुसार घट |
| साधे व वायुदाब तापपिंडन | ० ते ५ | १५ ते २० टक्के | ५०० ते १,००० | साहाय्यक द्रव्यानुसार घट |
| समदाबी उष्ण दाबन | जवळजवळ शून्य | चूर्णापासून आरंभ केल्यास १५ ते २० टक्के | ८०० ते १,००० व अधिक | द्रव अल्प असल्यास घट कमी |

कणांचा आकार व चिवटपणा : मृत्तिका पदार्थ भंगुर असतात, म्हणजे त्यांत एकदा तडा सुरू झाला की, तो अडथळ्याविना आरपार जातो. सिलिकॉन नायट्राइडात हे पुष्कळ अंशी टाळता येते. द्रवातून वाढणारे बीटा कण एका दिशेने लवकर वाढतात आणि षट्कोनी कांड्यांसारखे लांबट होतात. अशा कांड्या एकमेकींत गुंतल्या की, तड्याला वळसे घेत जावे लागते. तडा पुढे गेल्यावरही काही कांड्या त्याच्या दोन्ही कडांना पुलासारख्या धरून ठेवतात. अमेरिकी शास्त्रज्ञ एफ्. एफ्. लँग यांनी १९७३ मध्ये हा संबंध स्पष्ट केला. आल्फा प्रकाराचे प्रमाण अधिक असलेल्या चूर्णापासून लांबट कणांचा बलवान पदार्थ मिळतो, तर मुळातच बीटा अधिक असलेल्या चूर्णापासून वाटोळ्या कणांचा दुर्बल पदार्थ मिळतो, असे त्यांना आढळले. कारण असे की, आल्फा चूर्णात बीटाची थोडीच बीजे असतात व त्यांना वाढीस मोकळी जागा मिळते. बीजे फार असली, तर ती एकमेकांची वाढ खुंटवितात. म्हणूनच सिलिकॉन टेट्राक्लोराइड व अमोनिया यांपासून बनविलेले, ९५ टक्क्यांहून अधिक आल्फा असलेले बारीक चूर्ण महाग असूनही वापरतात.

तड्याला होणाऱ्या विरोधाचे माप म्हणजे भंजन चिवटपणा होय. वाटोळ्या कणांच्या पदार्थात तो ३ ते ४ एकके (मेगॅपास्कल गुणिले मीटरचे वर्गमूळ), तर लांबट कणांच्या पदार्थात ६ ते ८ व काही वेळा १० एककांहून अधिक असतो. तापमान वा कालावधी वाढवून कण आणखी मोठे केल्यास चिवटपणा वाढतो. एका मर्यादेपलीकडे मात्र मोठा कण स्वतःच दोषाचे काम करतो आणि बल घटते. म्हणून सर्वाधिक बल व सर्वाधिक चिवटपणा हे दोन्ही एकाच भट्टीतून एकाच वेळी मिळविणे अवघड असते. बारीक कणांच्या पिंडात निवडक लांब कांड्या वाढाव्यात, यासाठी चूर्णात बीटाची थोडी बीजे मुद्दाम पेरण्याची पद्धतही आहे.

कांड्यांनी तडा अडविण्यासाठी सीमा किंचित दुबळी असावी लागते. सीमा कणांना फार घट्ट चिकटली, तर तडा वळण्याऐवजी कांडीच कापून पुढे जातो. काचेत ॲल्युमिनियमाचे प्रमाण फार वाढल्यास असे घडते. साहाय्यक द्रव्याची निवड केवळ घनीकरणापुरती नसते, ती तड्याचा मार्गही ठरविते.

कणसीमेवरील काच : डी. आर. क्लार्क व जी. टॉमस यांनी १९७७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मॅग्नेशियम ऑक्साइडयुक्त उष्णदाबित नमुन्यात दोन कणांच्या मध्ये सु. १ नॅनोमीटर (मिलिमीटरचा दशलक्षांश) जाडीचा काचमय पापुद्रा दाखवून दिला. सामान्य तापमानास हा पापुद्रा निरुपद्रवी असतो. सु. १,०००° से.च्या वर तो मऊ होऊ लागतो, कण एकमेकांवरून घसरतात, सीमांवर पोकळ्या उत्पन्न होतात आणि भार स्थिर असतानाही तडे हळूहळू वाढतात. या मंदविरूपणामुळे (सतत भाराखाली हळूहळू होणाऱ्या आकारबदलामुळे) एखादे पाते पहिल्या दिवशी उत्तम चालून काही शे तासांनी तुटू शकते. चूर्णातील एक टक्क्याच्या काही दशांशाइतके कॅल्शियमही काचेची श्यानता (दाटपणा) घटविते आणि उच्च तापमानातील बल कमी करते. सामान्य तापमानास घेतलेल्या चाचणीत याचा मागमूस लागत नाही.

यावर तीन उपाय योजले गेले. पहिला, अधिक तापमानास मऊ होणारी काच देणाऱ्या द्रव्याची निवड. अमेरिकेत जी. इ. गाझा यांनी १९७३ मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडाऐवजी इट्रियम ऑक्साइड वापरून उच्च तापमानातील बल वाढविले. परंतु या उपायानेही नवी अडचण उभी केली. संघटन काळजीपूर्वक न राखल्यास इट्रियम, सिलिकॉन, ऑक्सिजन व नायट्रोजन यांची अशी संयुगे सीमांवर तयार होतात की, ती सु. १,०००° से.च्या आसपास ऑक्सिडीभूत होऊन फुगतात. या फुगण्याने वस्तू भाराविनाच तडकते. १,३००° से.साठी योजलेला पदार्थ त्याहून कमी तापमानास नष्ट व्हावा, असा हा प्रकार होता. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रावस्था आकृत्यांच्या (कोणत्या संघटनास कोणती संयुगे परस्परांबरोबर स्थिर राहतात, हे दाखविणाऱ्या आकृत्यांच्या) अभ्यासातून याचे कारण व सुरक्षित संघटनांची मर्यादा कळून आली.

दुसरा उपाय म्हणजे भाजल्यानंतर पुन्हा नियंत्रित तापमानास ठेवून काचेचे स्फटिकीकरण करणे. यामुळे कणांच्या तिठ्यांवरील काच बव्हंशी स्फटिकरूप होते. दोन कणांमधील अतिसूक्ष्म पापुद्रा मात्र बहुधा तसाच राहतो.

तिसरा उपाय म्हणजे द्रव स्फटिकातच जिरविणे. जपानमध्ये १९७१ मध्ये वाय्. ओयामा व ओ. कामिगाइतो यांनी आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १९७२ मध्ये के. एच. जॅक व डब्ल्यू. आय. विल्सन यांनी स्वतंत्रपणे असे दाखविले की, बीटा स्फटिकातील काही सिलिकॉनाची जागा ॲल्युमिनियम व काही नायट्रोजनाची जागा ऑक्सिजन घेऊ शकतो. या घन विद्रावांना त्यांतील चार मूलद्रव्यांच्या चिन्हांवरून सायालॉन हे नाव मिळाले. घनीकरणाच्या वेळी उपयोगी पडलेला द्रव पुढे बऱ्याच अंशी स्फटिकात सामावतो व काच कमी उरते. सायालॉन साध्या तापपिंडनानेही घट्ट होतात.

ऑक्सिडीभवन : तप्त हवेत सिलिकॉन नायट्राइडाच्या पृष्ठावर सिलिकेचा पातळ थर तयार होतो व तो आतील पदार्थाचे रक्षण करतो. साहाय्यक द्रव्यातील धातू या थरात शिरल्यास तो मऊ व सच्छिद्र होतो आणि रक्षण दुबळे पडते. म्हणजे कणसीमेवरील द्रव्य पृष्ठभागाचेही आयुष्य ठरविते. ऑक्सिजनाचा दाब फार कमी असल्यास थराऐवजी वायुरूप सिलिकॉन मोनॉक्साइड तयार होऊन पदार्थ झिजत जातो. ज्वलनवायूंतील पाण्याची वाफही उच्च तापमानास सिलिकेचे बाष्पनशील हायड्रॉक्साइड बनवून थर उडवून लावते. १९९० नंतरच्या दशकात हे स्पष्ट झाल्यावर टरबाइनातील भागांना वेगळे संरक्षक लेप आवश्यक ठरले. ही मर्यादा कोणत्याही तापपिंडन पद्धतीने दूर होत नाही.

दोष व विश्वसनीयता : भंगुर पदार्थाचे बल त्यातील सर्वांत घातक दोषाच्या आकारावर अवलंबून असते. भंजन चिवटपणा ६ एकके असलेल्या नमुन्याचे बल ८०० मेगॅपास्कल हवे असल्यास त्यात सु. ३० ते ४० मायक्रोमीटरहून मोठी भेग असता कामा नये. ही लांबी माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्मी आहे. चूर्णातील न फुटलेली गुठळी, दळण्याच्या यंत्रातून आलेला लोखंडाचा कण, बांधणीसाठी घातलेल्या सेंद्रिय द्रव्याचा न जळालेला अंश, साचा भरताना अडकलेला हवेचा बुडबुडा यांपैकी प्रत्येक गोष्ट एवढा दोष मागे ठेवण्यास पुरेशी असते. भट्टीतील उत्तम नियंत्रणाने हे दोष भरून निघत नाहीत, म्हणून चूर्ण द्रवात कालवून बारीक चाळणीतून गाळणे यासारख्या साध्या क्रियांना मोठे महत्त्व आहे. शेवटी हिऱ्याच्या चाकाने घासतानाही पृष्ठाखाली सूक्ष्म भेगा पडतात. चाकाच्या हालचालीची दिशा भाराच्या दिशेला समांतर ठेवल्यास त्यांचा उपद्रव कमी होतो.

दोष यदृच्छया विखुरलेले असल्याने एकाच घाण्यातील वस्तूंचे बलही सारखे नसते. स्वीडिश अभियंते वालोदी व्हायबुल यांनी मांडलेल्या वितरणाने हा पसारा मोजतात. त्यातील घातांक जितका मोठा, तितका पदार्थ अधिक भरवशाचा. या वितरणानुसार घातांक १० असताना वस्तूचे घनफळ दसपट केल्यास सरासरी बल सु. २० टक्क्यांनी घटते. घातांक २० असताना ही घट सु. ११ टक्के होते. प्रयोगशाळेतील लहान पट्टीवर मिळालेले बल मोठ्या चक्राला जसेच्या तसे लागू करता येत नाही, ते याच कारणाने. यंत्ररचनाकाराला सरासरी बलापेक्षा घातांकाची चिंता अधिक असते, कारण वेगाने फिरणाऱ्या शंभर चक्रांपैकी जे एक फुटते, तेच यंत्र मोडते. म्हणून महत्त्वाच्या वस्तू प्रत्यक्ष वापरापेक्षा अधिक भाराखाली एकदा तपासून मगच स्वीकारतात.

उष्णता संवाहकता : सामान्य तापपिंडित पदार्थाची उष्णता संवाहकता २० ते ४० एकके (वॉट प्रती मीटर प्रती केल्विन) असते. स्फटिकात विरघळलेला ऑक्सिजन हे तिचे एक मुख्य कारण आहे, कारण त्यामुळे उत्पन्न होणाऱ्या रिक्त जागा उष्णता वाहून नेणाऱ्या कंपनांना विखुरतात. म्हणून येथे उलट मार्ग धरतात. ॲल्युमिना पूर्णपणे वर्ज्य करतात, ऑक्सिजन खेचून घेणारी द्रव्ये निवडतात आणि कण सावकाश वाढू देतात. शुद्ध सिलिकॉनापासून नायट्राइड बनवून तेच पुढे सु. १,९००° से.ला दीर्घ काळ भाजून जपानमधील संशोधकांनी २०११ मध्ये १७७ एककांपर्यंत संवाहकता व त्याबरोबरच उच्च चिवटपणा मिळविला. सायालॉनात मात्र ॲल्युमिनियम व ऑक्सिजन स्फटिकातच असल्याने संवाहकता कमी राहते. उच्च तापमानासाठी जो उपाय ठरला, तोच येथे अपाय ठरतो.

उपयोग व निवड : वरील सर्व बाबींचा मेळ उपयोगाच्या वेळी घालावा लागतो. धारवा म्हणजे बेअरिंग यातील गोळे सामान्यतः फार तापत नाहीत. तेथे कणसीमेवरील काचेचा उपद्रव नसतो, पण एकही छिद्र चालत नाही. म्हणून मॅग्नेशियम ऑक्साइडासारखे साधे द्रव्य घालून समदाबी उष्ण दाबनाने ते बनवितात. पोलादी कड्यांत असे हलके गोळे बसविलेले धारवे अतिवेगवान यंत्रांत वापरतात. १९९५ मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानाच्या मुख्य एंजिनातील द्रव ऑक्सिजनाच्या नव्या पंपातही ते वापरण्यात आले. डीझेल एंजिनाच्या तापक गुडदीसाठी जपानमध्ये १९८१ पासून हा पदार्थ वापरात आला. तेथेच १९८५ मध्ये निस्सान कंपनीने मोटारगाडीच्या टर्बोभारकाचे चक्र तापपिंडित सिलिकॉन नायट्राइडाचे बसविले. हलके चक्र लवकर वेग घेते, हा त्याचा लाभ होता आणि निष्कासवायूचे तापमान काचेच्या सहनशक्तीत बसणारे होते. बिडाचे व निकेलाच्या मिश्रधातूंचे जलद कर्तन करणाऱ्या हत्यारांसाठी सायालॉन वापरतात. वितळलेल्या ॲल्युमिनियमाने ओली न होणारी नळकांडी व तापमापकांची आवरणे यांसाठी हा पदार्थ सोयीचा आहे. भट्टीतील आधारांसारख्या अल्प भाराच्या वस्तूंना स्वस्त विक्रियाबद्ध प्रकार पुरतो. विजेवर चालणाऱ्या वाहनांतील शक्तिनियंत्रक मंडलांसाठी उच्च संवाहकतेच्या पातळ पट्ट्या लागतात. चिवटपणामुळे त्या तापण्या-निवण्याचे फेरे ॲल्युमिनाच्या पट्ट्यांहून पुष्कळ अधिक सोसतात.

म्हणून सिलिकॉन नायट्राइडाची वस्तू मागविताना केवळ पदार्थाचे नाव व सरासरी बल सांगणे अपुरे असते. कोणत्या चूर्णापासून, कोणते साहाय्यक द्रव्य किती घालून, कोणत्या तापमानास व दाबास, किती वेळ आणि पुढे पृष्ठभाग कसा घासून ती केली, हे सर्व कळल्यावाचून ती वापराच्या तापमानास व भारास किती काळ टिकेल, हे सांगता येत नाही. घनीकरणाच्या वेळी घेतलेल्या प्रत्येक सवलतीचा हिशेब पुढे त्या तापमानास व भाराखाली चुकवावा लागतो. हा हिशेब आधीच मांडणे, हेच या मृत्तिकांच्या अभियांत्रिकीतील मुख्य काम होय.